नाव टाकलेला डबा

सोलापूर स्टँडवर पुण्याच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढं सॅक घेतलेली एक तरुण शिक्षिका होती. तिला सोडायला तिच्या वर्गातल्या संस्कृती नावाच्या मुलीची आई आली होती.

“मॅडम, ह्या डब्यात शेंगाचटणी हाय. आईला द्या तुमच्या.”

“अहो ताई, एवढी?”

“असू द्या की. पुण्यात कुटं मिळतीया असली?”

“चारच दिवसांची सुट्टी आहे माझी.”

“मागचे सर बी असंच म्हनले. त्यांच्या आदल्या मॅडम बी. गेले ते गेलेच. मग पोरं खिचडी खायची आन् घरी यायची.”

“मी येणार आहे. सोमवारी अपूर्णांक घ्यायचेत.”

“पुण्याची नोकरी सोडून कुनी आमच्या वस्तीतल्या शाळंत टिकतंय व्हय?”

“सहा महिने टिकले ना!”

“व्हय, लई झालं ते. डबा तेवढा जपा. लग्नातला हाय. बगा, माजं नाव टाकलंय.”

“लग्नातला? अहो, मग पिशवीत द्यायची ना चटणी!”

“त्या दोघांना पिशवीतच दिलती.”