केवड्याची वाफ

टप्.

दुपारचे दोन. घर चिडीचूप. आजी कलंडलेली, सून लेकीला थोपटता थोपटता स्वतःच झोपलेली. आयांनो, होतं ना असं? मुलाला निजवायला जावं, तर मूलच आपल्याला निजवतं! आणि त्या शांततेत स्वयंपाकघरातून आवाज. टप्. पुन्हा टप्.

नळ नव्हे मंडळी. ड्रॉपर!

त्या थेंबाकडे जाण्याआधी एक विचारते. एक गोष्ट हातातून सोडली आणि तिचीच धाकटी बहीण हातात धरली, तर सोडली म्हणायची का? लगेच मान डोलावू नका. आधी ऐका.

मिरजेच्या एका गल्लीत दिगंबर सुगंधी राहायचा. तीन पिढ्यांचा उदबत्तीचा धंदा. नाक असं, की शेजारच्या फोडणीत हिंग कमी पडला तर हा इकडून सांगणार. आणि त्याच नाकातून सिगारेटचा धूर! लेक ओवी पाच वर्षांची. थंडी पडली की तिला धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, घरात धूर नको, कसलाच नको.

बायको केतकी भांडली नाही. एवढंच म्हणाली, "तिच्या डोक्यावर हात ठेवा आणि सांगा."

दिगंबरनं हात ठेवला. "ओवीची शपथ. आजपासून बंद."

आणि मथूआजी, दिगंबरची आई? उदबत्तीवाल्याची बायको ती! तिनं देवघरातली उदबत्ती बंद केली. देवाला म्हणाली, "बाबा रे, आता फुलांवर भागव. नात आहे."

दिगंबरनं सिगारेट सोडली. खरोखर सोडली! आठ दिवस. नवव्या दिवशी एका मित्रानं पेनासारखं एक वेप, म्हणजे विजेवरची सिगारेट, हातात ठेवलं. "अरे, धूर कुठाय, नुसती वाफ आहे." विकायला बंदी असलेली वस्तू, पण मित्रांना बंदी कोण घालणार? सोबत त्यात भरायचं आंब्याच्या वासाचं लिक्विड. दिगंबरनं हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. "हा आंबा? हा आंब्याच्या पेटीतला पेंढा आहे!"

झालं! व्यसन राहिलं बाजूला, कारागिरी जागी झाली. मी स्वतः बनवीन! ग्लिसरीन आलं, निकोटिन आलं, फ्लेवरच्या तपकिरी बाटल्या आल्या आणि पोह्यांच्या डब्यामागे लपल्या. रोज दुपारी घर निजलं की याची प्रयोगशाळा सुरू. सहा महिने! स्ट्रॉबेरी जमेना, पुदिना जमेना. मग केवडा घातला, वेलदोडा घातला, चंदनाचा अर्क घातला — आणि जमलं! काय जमलं? आजोबांची गुरुवारची उदबत्ती, हुबेहूब! त्या नाकाला दुसरं येतंय काय?

तर गुरुवार. दिगंबर बाथरूममध्ये गेला, कडी लावली, झुरका घेतला. वाफ निघाली झरोक्यातून, आणि गेली कुठे? थेट देवघरात.

तिथेच कलंडलेली मथूआजी उठून बसली. "केतकी, उदबत्ती लावलीस?"

"नाही आई. पुडाच नाही घरात."

"मग हा केवडा कुठला?" आजीचे डोळे भरून आले. "सहा महिने मी त्याला काही दिलं नाही. म्हणून तोच घेऊन आला गं!"

शेजारच्या शकूमावशी झांजा घेऊन हजर. सुवासाचा माग काढत सगळ्या बाथरूमच्या दारापाशी!

शकूमावशी चाचरल्या. "मथूताई, इथं? संडास-बाथरूम एकत्र आहे हो."

"खांबातून आला तेव्हा खांब बघितला होता का त्यानं?"

निरांजन लागलं. उंबऱ्यावर नारळ फुटला. आरती सुरू! आत दिगंबर कमरेला पंचा लावून उभा. बाहेर यावं तर आई, न यावं तर आरती वाढतेय. आणि चंदनाचा अर्क घशाला लागला. खॉक्! खॉक्!

झांजा थांबल्या. ओवी म्हणाली, "आजी, देवाला बाबांसारखा खोकला आहे."

कडी निघाली. पांढऱ्या ढगातून दिगंबर प्रकट झाला, हातात पेन. आजीचं ताट ओवाळता ओवाळता मध्येच थांबलं.

"आई, सिगारेट नाही ही," तो म्हणाला. "नुसती वाफ. नुसता सुवास."

आजीनं निरांजन फुंकलं. "मी देवाची उदबत्ती बंद केली रे," एवढंच म्हणाली आणि ताट घेऊन आत गेली.

केतकीनं स्वयंपाकघरात जाऊन फळी धुंडाळली, पोह्यांचा डबा सरकवला. मागे बाटल्या! "इथं ओवीचा हात पोहोचतो. ही एक बाटली उघडून प्यायली असती, तर मी काय केलं असतं? सांगा ना."

दिगंबरनं बाटल्या उचलल्या, एकेक करून मोरीत ओतल्या, पेन पायाखाली मोडलं.

मंडळी, हसलात पोटभर. आता घरी जा आणि आपापला पोह्यांचा डबा सरकवून बघा. तिथं कुणाची वाफ, कुणाचा मोबाइल, कुणाचं "एवढंच, शेवटचं". वास गोड आहे म्हणून ते सुटलेलं नाही. त्याच्या मागे कुणाचा तरी चिमुकला हात पोहोचतो.

आणि एक राहिलंच. सहा महिने ओवी केस कापू देत नव्हती. न्हाऊ घालताना डोकं घट्ट धरून बसायची. केतकीला वाटायचं, हट्ट आहे. त्या दुपारी दिगंबरनं पुन्हा तिच्या डोक्याकडे हात नेला, "ओवी, आता अगदी खरी शपथ—"

ती मागे सरली. दोन्ही हात डोक्यावर ठेवून आईकडे वळली.

"आई, पहिली शपथ मी एवढी सांभाळून ठेवली होती. ती आता कुठे गेली?"