भिंतीवर देवाची जागा

यज्ञेश्वरपंत : सात डोंगर. दोन नद्या. झाडं एकेचाळीस, बगळे तेरा. दोनदा मोजलं. देव एकही नाही!

संपत : मोजणी बरोबर हाय, पंत.

यज्ञेश्वरपंत : बरोबर? अरे, हा देवळाचा सभामंडप आहे. परवा शनिवारवाड्यावरची मंडळी दर्शनाला येणार. त्यांनी काय बगळ्यांना हात जोडायचे?

संपत : आत गाभाऱ्यात महादेव हाय की. त्याच्यापुढं जायच्या आधी माणसानं जरा गप व्हावं, म्हणून हे काढलंया.

यज्ञेश्वरपंत : आणि हे डोंगर कुठले? सिंहगड नाही, पर्वती नाही.

संपत : कुठलंच न्हाईत. डोळं मिटून बसलो की दिसत्यात.

यज्ञेश्वरपंत : वा! चिताऱ्यानं झोपा काढायच्या आणि देवस्थानानं त्याला भिंत द्यायची. आजच्या आज मधोमध शंकर-पार्वती काढ.

संपत : गिलावा ओला हुता तवा रंग आत मुरला. आता भिंत वाळली. वरनं देव काढला तर पावसाळ्यात पोपडा सुटून तुमच्याच पगडीवर पडंल.

यज्ञेश्वरपंत : मग उपाय?

संपत : टाकीनं खरवडायचं, तेवढ्याच जागी नवा गिलावा भरायचा. चार महिनं या भिंतीशी उभा हाय मी. माझ्या हातनं एक टवका निघायचा न्हाई. दुसरा चितारी बघा!

यज्ञेश्वरपंत : ऐकलंत, मुक्ताबाई? देऊळ बांधताय आपण, आणि हुकूम सोडतोय हा!

मुक्ताबाई : ऐकलं. देव हवा म्हणता, तर काढू. घ्या ती टाकी. जागा आपणच खरवडून द्या.

यज्ञेश्वरपंत : मी? कारभाऱ्यानं टाकी धरायची?

मुक्ताबाई : एवढं मोजलंत. मोकळं कुठे आहे, ते आपल्यालाच ठाऊक.

यज्ञेश्वरपंत : त्यात काय अवघड? इथे. ...नको, इथून पाणी खाली उतरतंय, तुटेल. मग हे धुकं. धुकं म्हणजे रिकामंच.

संपत : मारा की! थांबलात का?

यज्ञेश्वरपंत : गप्प बस! धुक्याच्या पलीकडे काहीतरी आहे.

संपत : मी तिथं काय बी काढलं न्हाई.

यज्ञेश्वरपंत : मला दिसतंय ना! बाजूला हो, उजेड अडवू नकोस.

(बराच वेळ टाकीचा आवाज नाही. मग जमिनीलगत तीन-चार हलके ठोके.)

मुक्ताबाई : झालं, पंत?

यज्ञेश्वरपंत : झालं. खाली, चित्राबाहेरच्या काठाच्या पट्टीत.

मुक्ताबाई : संपत, माप घे.

संपत : उंची चार बोटं. रुंदी तीन.