मोडली नाही हो, मार्गी लावली!

...आणि वर मलाच म्हणतात, गाडी मोडलीस! अहो, मोडली नाही हो, मार्गी लावली! फरक आहे की नाही? तुम्हीच सांगा. मोडणं म्हणजे काय, घेतला हातोडा, घातला घाव, झालं. मी तसं केलं का? एकेक स्क्रू फिरवून काढला, पुसला, तेल लावून डबीत ठेवला... पण कौतुक कुणाला! आमची ही म्हणते, "यांना एकच काम जमतं, वस्तू उघडणं. बंद करणारा माणूस वेगळा बोलवावा लागतो."

तर तुम्हाला सांगतो, गाडी आमच्या वडिलांची. अण्णांची. तेव्हा अण्णा राहायचे ताईकडे, दुसऱ्या गावाला, आणि गाडी राहायची माझ्याकडे, गॅरेजमध्ये, विटांवर. काय वाटणी आहे बघा! ताईकडे गेलेला ऐवज चालायचा, बोलायचा, पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचा. माझ्या वाट्याचा नुसता गंजायचा. आणि जाताना अण्णा बजावून गेलेले, "हात लावू नकोस. मी येऊन चालवीन." काय चालवणार, कपाळ? इंजिनानं कधीच मान टाकलेली. खालचा पत्रा गंजानं असा खाल्लेला, की ब्रेकवर पाय ठेवायला जावं तर पाय थेट जमिनीवर! मेकॅनिकला बोलावलं. तो वाकला, खाली डोकावला, उठला, हात पुसले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला... हो, डॉक्टर ठेवतात ना, अगदी तसा! म्हणाला, "साहेब, घरच्यांना कळवून ठेवा."

मग काय, भंगारवाल्याला द्यायची? अण्णांची गाडी? जिच्या मागच्या सीटवर बसून मी आणि ताई लहानाचे मोठे झालो? बसून म्हणजे गप्प बसून बरं का! अण्णांचा नियमच होता, "मागच्यांनी चालवणाऱ्याशी बोलायचं नाही." नाही, जीवच होईना. आणि इकडे मला सुतारकामाचा नाद, घरात करवत काढली की ही दारं लावून घेते, आणि गॅरेजमध्ये ही दुसरी आडवी पसरलेली! म्हटलं, हिच्यातूनच करू वर्कशॉपचं फर्निचर. बॉनेटचं टेबल केलं. झकास! आता बॉनेट मधे जरा फुगीर असतं, त्यामुळे टेबलावर ठेवलेला स्क्रू टेबलावर राहत नाही, तेवढं चालायचंच. चाकांच्या रिमांवर फळ्या ठोकून स्टुलं. दाराचं कपाट... अहो, पक्कड पाहिजे? हँडल फिरवायचं, काच खाली, हात आत! मागची सीट भिंतीला लावून सोफा. ड्रायव्हरच्या सीटला लाकडी पाय, पट्टा तसाच ठेवला, शोभेला. वायपरसुद्धा वाया घालवला नाही, टेबलावरचा भुसा झाडायला ठेवला. ही दारात उभी, कमरेवर हात. "छान. अण्णांना कोण सांगणार?"

"सांगायचंय काय त्यात? मोडली नाही, मार्गी लावली!"

"मग करा की फोन."

फोन... राहून गेला. हो, राहून जातात काही काही फोन!

आणि एके दिवशी ताईचाच आला. "अरे, अण्णा येतायत तुझ्याकडे. गाडी एकदा डोळ्यांनी बघायचीये म्हणतात." घाबरल्यावर माणसाला काय सुचेल सांगता येत नाही. मला काय सुचलं? मी गाडी परत मांडली! जोडली नाही, मांडली. स्टुलं चार कोपऱ्यांना, पुढं टेबल, मधे ती सीट, मागं सोफा. टप आधीच मागच्या शेडला छप्पर म्हणून गेलेला, म्हणून टपाच्या जागी इस्त्रीचं टेबल, आणि वरून जुनं करडं कव्हर. लांबून बघितलं तर हुबेहूब गाडी. जवळून... जवळून बघूच नये! ही आली, मान तिरकी करून बघत राहिली, म्हणाली, "डिकी बसल्यासारखी वाटते," आणि आतून दोन उशा आणून कोंबल्या. संसार म्हणतात तो हा!

अण्णा आले. पाणीसुद्धा न पिता गॅरेजमध्ये. कव्हरवरून हात फिरवला. म्हणाले, "कव्हर नको काढू. धूळ उडेल." सुटलो! देवा, सुटलो! मी वळलो, म्हटलं चला अण्णा, चहा घेऊ... आणि मागून आवाज, "जरा आत बसतो."

आत?! अहो, कशाच्या आत? मी "अण्णा" म्हणेपर्यंत त्यांनी कव्हर उचललं, मान वाकवली आणि गेले की आत! ड्रायव्हरच्या बाजूला दार नव्हतंच, अडवणार कोण? मग आतून खट्... पट्टा लावला. सवय हो! मग आवाज, "टप कशानं खाली आला?"

"ते... अण्णा... इस्त्रीचं टेबल आहे."

"आणि डिकीत उशा?"

"अण्णा, मोडली नाही हो..." पुढचं 'मार्गी' तोंडातच राहिलं. आणि कव्हर हलायला लागलं. गदागदा! हिनं माझा दंड धरला, "अहो, रडतायत ते!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खेचलं कव्हर... तर म्हातारा हसतोय! डोळ्यांतून पाणी, टोपी कानावर, आणि हसतोय!

"अरे गाढवा, मी हेच सांगायला आलो होतो, काढून टाक म्हणून! पण तोंड उघडेना. तुझ्या लहानपणी मी ही विकायला काढली तर तू जेवणाच्या ताटावरून उठला होतास. म्हटलं, पोराचा जीव आहे हिच्यात. असू दे."

"माझा? अण्णा, मला वाटलं तुमचा जीव आहे!"

"माझा? हिला ढकलता ढकलता माझी कंबर गेली!"

तुम्हाला सांगतो, इतकं हलकं वाटलं, इतकं हलकं, की मी तिथंच स्टुलावर बसलो आणि मला रडू आलं. खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं दोघं एकमेकांसाठी गंज सांभाळत बसलो होतो! मग अण्णांनी सीटवर थाप मारली, हळूच म्हणाले, "काम मात्र नीट केलंयस हो." बस्स. अजून काय पाहिजे माणसाला?

पण थांबा! चहाला उठायला गेले, तर पट्टा निघेना. मी ओढला, हिनं साबण लावला, मी पक्कड आणली. "पक्कड नको! राहू दे. बसतो इथंच." मग चहा तिथं, जेवण तिथं, आम्ही सगळे स्टुलांवर त्यांच्या भोवती. आणि संध्याकाळी हिनं खिडकीतून बघितलं, तर अण्णांनी कोपरानं एक ठोसा दिला, पट्टा सुटला, बाथरूमला जाऊन आले आणि परत... खट्!

ताईला फोन केला त्यांनी, "थोडे दिवस राहतो." त्या थोड्या दिवसांना आता बरेच दिवस झाले. सकाळी उठलं की त्या सीटवर, पट्टा लावून. मी करवत धरली की, "हळू! डावीकडे घे! समोर बघ!" टेबलावरून स्क्रू घरंगळला की, "ब्रेक लाव, ब्रेक!" तक्रार नाही बरं का माझी, मुळीच नाही. सुटलो एकदाचा, हेच खूप! फक्त वर्कशॉप माझं, हत्यारं माझी, आणि मी बसतो सोफ्यावर. मागं. परवा म्हटलं, "अण्णा, मी काय म्हणतो..." तर मानसुद्धा न वळवता म्हणाले, "मागच्यांनी चालवणाऱ्याशी बोलायचं नाही."

बसलोय गप्प.