मामाची सात मिनिटं

नाही नाही काका, नियम मोडा असं कुठे म्हणतोय मी – एकच खेळ. तीनचा. तुमच्या मशीनमध्ये जी कॉपी आहे तिच्याऐवजी ही लावायची, बस. पिक्चर तोच आहे, माझाच आहे, पोस्टरवर खाली बारीक अक्षरात दिग्दर्शकाचं नाव आहे बघा – तो मीच. ह्या कॉपीत फक्त सात मिनिटं जास्त आहेत. सात मिनिटांनी तुमचं काय बिघडतं? प्रेक्षक म्हणाल तर घरचेच – मामाने बस करून नातेवाईक आणलेत, बावीस माणसं. बाकी हॉल रिकामाच असतो, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

मामा म्हणजे सुतार. कुणी मला दारात उभं करत नव्हतं तेव्हा ह्या माणसाने पिक्चरसाठी आपलं करवतीचं मशीन विकलं – विकलं आणि मग मला सांगितलं, आधी नाही. वर सेटची दारं-खिडक्या फुकट करून दिल्या. बदल्यात काय मागितलं? एक सीन. 'मला एकदा पडद्यावर बघू दे रे,' एवढंच. दिला. मुलीला निरोप देणारा बाप. आता गंमत ऐका – त्याने समोरच्या मुलीचे संवादसुद्धा पाठ केले, आणि ती बोलायला लागली की ह्याचे ओठ हलायचे. बारा वेळा घेतलं, बाराही वेळा हलले. तरी डोळे बघाल तर – जाऊ दे.

मग तो पिक्चर विकत घेणारा आला. त्याच्याशिवाय थिएटर मिळत नाही, तो म्हणेल ती पूर्व दिशा. म्हणाला, लांबलाय. म्हणून कापलं, माझा नाइलाज – म्हणजे, मामाला काढा असं नाही म्हणाला तो. लांबलाय एवढंच म्हणाला. काय कापायचं ते माझ्यावर होतं. खरं सांगू का – तो सीन बघताना तो हसला. वाईट नव्हता हसला, बरं का. विचारलं, 'हे गृहस्थ कोण?' आणि माझ्या तोंडून निघून गेलं – 'कुणी नाही, सेटवरचा सुतार.' खोटं आहे का? नाही, सुतारच तो. पण लाज वाटली मला त्याची, काका. ज्याच्या जिवावर पिक्चर उभा राहिला, त्याची. त्याच संध्याकाळी बसून अख्खी सात मिनिटं काढली. मामाला अजून सांगितलेलं नाही. धीरच झाला नाही.

आणि त्याचा उत्साह बघा – मघाशी बसमधून मामेबहिणीचा फोन. म्हणते, 'बाबा सगळ्यांना सांगतायत, माझं काम मला पसंत पडलं नाही, मीच भाच्याला काढायला लावलं.' थट्टेखोर आहे तो पहिल्यापासून. म्हणजे सगळे हिरमुसून बसणार आणि मग एकदम हा पडद्यावर – असा डाव. म्हणून म्हणतो, लावा.

लावताय? देव भलं करो तुमचं. ही घ्या – काय? कोण येऊन गेलं? शुक्रवारी, पहिल्याच खेळाला? एकटाच. कानामागे पेन्सिल होती का हो? … असणारच. शेवटची नावं संपेपर्यंत बसला. आणि इथे वर येऊन तुम्हाला विचारलं, मशीन बिघडलं का, मधला तुकडा राहिला का. मग तुम्ही काय सांगितलंत? … हो, बरोबरच सांगितलंत. पिक्चर एवढाच आहे.

थांबा. नका लावू. द्या ती परत – अहो, आता लावली तर बावीस जण विचारतील त्याला, मग खोटं का बोललात. आणि खरं काय ते त्याला सांगावं लागेल. माझी लाज झाकायला बोललाय तो. आहे तेच चालू दे.

ह्या झरोक्यातून दिसतोय. तिसरी रांग, नवा शर्ट. शेजारच्या खुर्चीवर हात ठेवून बसलाय – कुणाला बसू देत नाहीये. मामी विचारतेय काहीतरी, तर दाराकडे बोट दाखवतोय … जातो, जातो, बाहेरच्याने ह्या खोलीत थांबायचं नाही, कळलं. फक्त आधी दिवे घालवा. अंधार झाला की जाऊन बसतो त्या खुर्चीवर.