गव्हर्नरची सही आणि शिवम्माची मशीन

परभणीच्या बसस्टँडवर गुरुपादनं नवी शिलाई मशीन डोक्यावरून उतरवली. तो बायकोशी बोलू लागला, तसे मागं उभ्या अनोळखी दिनकररावांचे कान आपसूक टवकारले.

"शिवम्मा, रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर सरकारशी भांडून घरी गेला. पेटीतल्या समद्या नोटांवर सही त्याचीच. निजाम गेला अन् त्याचा सिक्का बुडाला, इसरलीस?"

"न्हाई वो. म्हणून तर म्हणलं, आजच खर्चा."

"वीस वर्षं मशीन मागायलीस. उघडलं नशीब!"

"गव्हर्नरसायबाचे लय उपकार."

गुरुपाद मशीन टपावर चढवायला गेला, तसं दिनकररावांना राहवेना.

"बाई, त्या नोटा चालतात! सही जुनी झाली म्हणून काय झालं?"

"ठाव हाय, काका. पण हळू बोला, ह्यांच्या कानावर जाईल. गाडी सुटू द्या, दुकान अजून उघडं हाय."