पुलाखालची लेन

अमरिलोच्या वाहन परवाना कचेरीत माझ्या मागच्या बाकावर एक पिकल्या मिशीचा माणूस आणि एक तिशीतली बाई बोलत बसले होते.

“काय हो, झालात का पास?”

“कसला पास! तिसऱ्यांदा नापास. पुलाखाली ट्रक घातला एका लेनमधून, काढला दुसरीतून.”

“असं का करता?”

“इराकची सवय. पुलावर कोणी बॉम्ब घेऊन बसलेला असायचा. शिरलो त्याच लेनमधून बाहेर आलो, तर डोक्यावर पडायचा.”

“अहो, हे टेक्सस आहे!”

“परीक्षकही हेच म्हणाला. पण हात ऐकत नाहीत. आणि गंमत बघ, नऊ वर्षं सैन्याचा ट्रक हाकला म्हणून शिक्षणाचे पैसे मिळाले, ते ट्रक शिकण्यातच चाललेत. तुझी फी कोण भरतं?”

“सैन्यच.”

“तूही होतीस?”

“नाही. नवरा होता, ड्यूई. त्याच्यामागे त्याचा हक्क मला मिळाला.”

“तोही ट्रकवरच?”

“हो. नवा होता. इराकमध्ये मोसुलला जाऊन अकरा दिवस झाले होते.”

“तुझा नंबर लागला बघ. वाटेत तो पूल लागेल.”

“माहीत आहे. मी सरळ जाईन. ड्यूईसुद्धा सरळच गेला होता.”