सेटिंग तं सेमच होती!

...अन् वरून म्हनते कसे, "तुमी मुद्दाम केलं!" मुद्दाम? अहो, अर्ध्या अमरावतीचे लग्नं या संघपालच्या कॅमेऱ्यापुढं लागले, अन् मी कोनाच्या पोरीले मुद्दाम काळी करीन? तुमीच सांगा! सेटिंग तं सेमच होती!

थांबा, मुळातून सांगतो. पोरगी अकोल्याची, माया. पोरगा आमच्या अमरावतीचा, सुगत. लग्न अकोल्याले, हॉलमध्ये, भर दुपारी. आता आपल्याकडं कसं असते, पाव्हने तेच, जेवन तेच, मंडप तोच, पन फोटोवाला दोन्ही पार्ट्याइले आपापला लागते! मंग पोरीकडं मी, नवाकोरा कॅमेरा घेऊन. पोराकडं माहा जोडीदार नितेश, आमच्या जुन्या, दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर. अन् मी इकडून वरडून राहिलो, "नितेश, आयएसओ आठशे! शटर शंभर! अ‍ॅपर्चर चार!" नितेश तिकडून, "केलं भाऊ!" पंचशील चालू होतं तेवढं गप बसलो, संपल्यावर पुन्हा वरडलो. आकड्यात रत्तीचा फरक नाई. सेटिंग सेम!

आता रीत काय हाय? फोटो घरी न्याव, कॉम्प्युटरवर बसाव, एकमेकाशी जुळवाव, मंग द्याव. पन दम धरते कोन? गळ्यात हार पडले नाई तं दोन्हीकडचे मागं लागले, "टाका ना ग्रुपवर, टाका ना!" टाकले बापा. पोरीवाल्याइच्या ग्रुपवर माहे, पोरावाल्याइच्या ग्रुपवर नितेशचे.

अन् झाला ना कल्ला! नितेशच्या फोटोत माया उजळ, साडी पांढरीशुभ्र. माह्या फोटोत तीच माया, तीच साडी, तोच टाइम... पोरगी सावळी, साडी मळकी! मायाचे बाबा देवमनभाऊ, गरीब गाय मानूस, पन फोनवर असे तापले, "काहो, म्या पोरीले मळकी साडी नेसवून देल्ली का? अमरावतीवाले तुमी, अमरावतीवाल्याइले उजळ करता अन् अकोलेवाल्याइले काळं?" म्हनलं, देवमनभाऊ, तुमच्याकडचे झाडून सारे पाव्हने अंधारे आले, अगदी आचारीबी! एकट्या मायाशी माही कायची दुश्मनी? सेटिंग तं सेमच होती!

पन खरी आग लावली सुगतच्या आत्यानं, माणिकबाईनं. फोनमधी दोन्ही फोटो घेऊन मोहल्लाभर फिरून राहिली, "पाहा वं बाई, दाखवली कोन्ती अन् आली कोन्ती!" नव्या सुनेच्या तोंडावर! हे आयकलं अन् माहं टाळकंच सरकलं. माहे फोटो खराब म्हना, मले शिव्या द्या, पन त्या पोरीनं काय घोडं मारलं तुमचं? सुगत हळूच फोन करते, "भाऊ, सारे फोटो उजळ करून टाका ना, खटखट मिटते." म्हनलं, नाई करत! कॉम्प्युटरवर एक पट्टी सरकवली का झालं, मले का येत नाई? पन सरकवली तं पोरीत खोट हाय असंच झालं, माणिकबाई खरी ठरते! नाई सरकवत, जा!

दोन्ही कॅमेरे गळ्यात घातले अन् गेलो सुगतच्या घरी. देवमनभाऊबी आले होते पोरीले भेटाले. साऱ्याइले समजावलं, "आयएसओ म्हनजे कॅमेरा उजेड किती ओढते त्याचा आकडा. पन आठशे लिहलं म्हनजे साऱ्या कंपन्याइचं आठशे एक नसते. पाहा, माही माय भाजीत एक मूठ तिखट टाकते, माही बायकोबी एकच मूठ टाकते. मूठ तं मूठच ना? पन मायच्या भाजीनं नाकातून पानी वाहते अन् बायकोच्या..." तितक्यात माणिकबाई, "मंग तुह्या बायकोले सैपाक येत नाई असं म्हन ना!" घ्या! मुद्दा गेला भाजीत!

म्हनलं, आत्याबाई, बसा खुर्चीवर. आंगनात, एकाच उजेडात. आकडे साऱ्याइले दाखोले, सेटिंग सेम. खट्ट! खट्ट! धरले दोन्ही फोटो तिच्यापुढं. एकात माणिकबाई उजळ, एकात सावळी. म्हनलं, "सांगा आता, बसली कोन्ती अन् उठली कोन्ती?"

अन् ते माया, जे लग्न झाल्यापासून तोंड उघडत नोहती, तिनं आपल्या फोनमधी लग्नाचे दोन्ही फोटो काढले अन् म्हनते, "दोन्हीबी मीच हाय. पन भिंतीवर संघपालभाऊचा लावा, मोठा करून. आरसाबी मले अशीच दाखवते." देवमनभाऊनं उपरन्यानं डोळे पुसले. खोटं कायले सांगू, माह्याबी डोळ्यात पानी आलं.

जिंकलो ना मी? मले वाटलं जिंकलो. निघालो तं दारात माणिकबाईनं बाही धरली, "बाबू... माहा तो उजळवाला मोठा करून आनजो. मेल्यावर भिंतीवर लावाले कामी येते."

"आत्याबाई, सेटिंग सेम हाय दोन्हीची!"

"सेटिंग घाल चुलीत, उजळवाला आन!"

आनला. अन् तो घेऊन बाईनं मोहल्लाभर पुन्हा फेरी मारली! तवापासून तुम्हाले सांगतो, फोनवर फोन, चांदूर रेल्वेहून, अंजनगावहून... पन कोनी असं नाई इचारत का संघपालभाऊ, तारीख मोकळी हाय का. इचारते, "भाऊ, तो जुना कॅमेरा मोकळा हाय का? तुमी नाई आले तं चालते!"